अनारब्ध ग्रंथ

आपल्या भाषेंत 'आरंभशूर' असा एक शब्द आहे व तो बहुधा शिवीसारखाच वापरला जातो. मोठ्या धडाक्यानें काम हातीं घ्यावयाचें आणि चार दिवसांनीं तें वाऱ्यावर सोडावयाचें, अशा मनुष्याची लोक थट्टा करतात. आणि ती रास्तच असते. परंतु ज्यानें आरंभच केला नाहीं त्याची थट्टा सहसा कोणी करीत नाहीं. याचें कारण उघड आहे. आरंभशूराचें अर्धवट काम पाया खणून सोडून दिलेल्या घरासारखें येणाराजाणाराच्या डोळ्यांपुढें असतें. आरंभ न करणाराचें कांहींच दिसत नाहीं. उलट, तो विद्वान् म्हणून चार लोकांत मानला जात असेल, तर त्याच्या न लिहिलेल्या ग्रंथाची कीर्ति इतरांच्या लिहिलेल्या ग्रंथांपेक्षां अधिक निष्कलंक राहते. कारण तिच्यावर परीक्षण लिहितां येत नाहीं.

प्रत्येक तालुक्याच्या गांवीं असा एक तरी गृहस्थ असतो. तो बहुधा पेन्शनर शिक्षक असतो, क्वचित् वकील, क्वचित् वाड्यांतील जुनें दप्तर ज्याच्या वांट्यास आलें असा एखाद्या कुळकर्ण्याच्या घरांतला. गांवच्या इतिहासावर, किंवा नदीवर, किंवा एखाद्या उपेक्षित संतकवीवर त्याचा ग्रंथ व्हावयाचा असतो. त्यासाठीं त्यानें तीस तीस वर्षें टिपणें काढलेलीं असतात. देवळांतील शिलालेखांचे ठसे घेतलेले असतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांस विचारून पुरांच्या आणि दुष्काळांच्या सालांच्या यादी केलेल्या असतात. हें सर्व एका पत्र्याच्या ट्रंकेंत असतें. विचारलें तर तो आपल्या विषयावर तासभर इतकें रसाळ बोलतो कीं ऐकणारास वाटावें, हा मनुष्य उद्यां सकाळीं लिहावयास बसला तर दिवाळीपर्यंत पुस्तक छापून निघेल. परंतु कोठें तरी एक कागद पाहावयाचा राहिलेला असतो. पुण्यास जाऊन दप्तरखान्यांत चार दिवस बसावयाचें असतें. मोडीचा एक गठ्ठा अजून वाचून व्हावयाचा असतो. धाकट्या मुलीचें लग्न उरकावयाचें असतें. एके दिवशीं तो गृहस्थ जातो. दिवसकार्य आटोपल्यावर ट्रंक उघडली जाते, आणि त्या टिपणांचा अर्थ लावणारा एकच मनुष्य होता व तो आतां नाहीं, हें घरच्यांच्या ध्यानांत येतें.

येथें नुकसान कोणाचें झालें? पुस्तक लिहिणें ही ज्याच्या त्याच्या हौसेची बाब आहे, तींत कर्तव्याचा प्रश्न कोठून आला, असें कोणी म्हणेल. भावगीतांच्या संग्रहापुरतें किंवा कादंबरीपुरतें तें खरेंही असेल. मनांतली कविता मनांतच राहिली तर फार तर एका मनुष्याचा हिरमोड होईल. परंतु माहिती जो जमवितो तो ती दुसऱ्यांकडून जमवितो. ज्या आजीबाईनें दुपारची झोंप मोडून त्याला जात्यावरच्या ओव्या सांगितल्या, ज्या पुजाऱ्यानें गाभाऱ्यांतला पितळी पत्रा काढून त्याच्या हातीं दिला, ज्या शेतकऱ्यानें आपल्या आजोबाच्या वेळचा पाटाचा तंटा त्यास समजावून सांगितला, त्या सर्वांनीं तें एका बोलीवर दिलें. 'मी हें लिहून ठेवणार आहें' ही ती बोली. ती कागदावर नसते, पण देणाराच्या मनांत ती पक्की असते. म्हणजे ट्रंकेंतला माल हा त्या गृहस्थाचा नव्हे, ती ठेव आहे. आपल्या शास्त्रकारांनीं देवऋण आणि पितृऋण यांच्या जोडीला ऋषिऋण सांगितलें आहे. तें अध्ययनानें फिटतें असें म्हणतात. मला वाटतें, नुसत्या अध्ययनानें तें वाढतेंही. घेतलेलें पुढें पोंचतें करीपर्यंत तें फिटलें असें म्हणतां येत नाहीं.

या बाबतींत आपलीं सुभाषितें एकमेकांशीं भांडतात हें मौजेचें आहे. एक सुभाषितकार सांगतो कीं, कार्याला आरंभच न करणें हें बुद्धीचें पहिलें लक्षण, आणि आरंभिलेलें शेवटास नेणें हें दुसरें. भर्तृहरि याच्या उलट बाजूनें माणसांच्या तीन पायऱ्या लावतो: विघ्नांच्या भयानें जे आरंभच करीत नाहींत ते त्याच्या लेखीं सर्वांत खालचे, विघ्न येतांच थांबणारे मधले, आणि विघ्नें पुन्हां पुन्हां आलीं तरी न सोडणारे ते उत्तम. पहिलें सुभाषित व्यवहारांत फार कामास येतें. कोर्टकचेरी, कर्ज, भागीदारीचा धंदा, इमारत, यांत दुसऱ्याचा पैसा आणि घरच्यांचें स्वास्थ्य गुंतलेलें असतें. तेथें न आरंभणें हेंच शहाणपण असूं शकेल. परंतु चार दस्ते कागद आणि रोजची एक सकाळ यांपलीकडे ज्यांत भांडवल लागत नाहीं, अशा कामाला तेंच सुभाषित लावणें म्हणजे शहाणपणाच्या नांवाखालीं दुसरेंच कांहीं तरी झांकणें होय. आणि भर्तृहरीचें वर्गीकरण पाहिलें तर आरंभशूर हा मधल्या पायरीवर बसतो. आपण ज्याची थट्टा करतों तो, आपण ज्याला मान देतों त्याच्यापेक्षां एक पायरी वर!

सर्वांत जड दाखला गीतेचा आहे. आरंभ करण्यास नकार देणाऱ्या मनुष्यावरच तो सबंध ग्रंथ उभा आहे. अर्जुन अपात्र नव्हता. त्या दोन सैन्यांत त्याच्याइतकी तयारी झालेले फारच थोडे होते. आणि त्यानें दिलेलीं कारणें खोटीं नव्हतीं. कुलक्षय, वर्णसंकर, गुरुहत्या, सर्व कारणें शास्त्राला धरून होतीं. चांगल्या तयारीच्या माणसाचे हात आरंभाच्या क्षणीं गळतात, तेव्हां तो जीं कारणें सांगतो तीं नेहमीं अशींच सुशिक्षित असतात. आळशी मनुष्य कारण सांगत नाहीं, तो झोंपतो. पुढें अठराव्या अध्यायांत भगवंतांनीं स्पष्टच सांगितलें आहे कीं, धुरानें अग्नि वेढलेला असावा त्याप्रमाणें सर्व आरंभ दोषानें वेढलेले असतात. पण याच गीतेंत सर्व आरंभांचा परित्याग करणारा भक्त आपणांस प्रिय आहे असेंही बाराव्या अध्यायांत म्हटलें आहे. आणि हें वचन ट्रंकवाल्या गृहस्थास फार आवडण्यासारखें आहे. मात्र शंकराचार्यांनीं तेथें 'आरंभ' या शब्दाचा अर्थ, इहपरलोकींच्या फलाच्या इच्छेनें केलेलीं कर्में, असा केला आहे. टाकावयाची आहे ती फळाची हांव. ग्रंथ न लिहितां ग्रंथकाराचा मान मिळवीत बसणारानें कर्म तेवढें टाकलेलें असतें, आणि फळ मात्र घट्ट धरून ठेवलेलें असतें!

आमच्या बेलापुरावरून वाहणारी प्रवरा पुढें नेवाशास जाते, आणि तेथून टोक्यास गोदावरीला मिळते. या नेवाशास शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, 'भावार्थदीपिका' सांगितली गेली. सांगितली गेली, असें मुद्दाम म्हणतों. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसत अशी परंपरा आहे तो पैसाचा खांब लोक आजही पाहावयास जातात. पण त्या खांबापेक्षां त्याच्या समोरची मोकळी जागा मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तेथें श्रोते बसलेले होते. निवृत्तिनाथांची आज्ञा होती, संतांची सभा होती, आणि लिहून घेण्यास सच्चिदानंदबाबा होते. कोऱ्या कागदापुढें एकट्यानें बसण्याचा प्रसंग त्या ग्रंथकारावर आलाच नाहीं. परंपरेनें मानलेला जन्मशक धरला तर त्यांचें वय त्या वेळीं अवघें पंधरा वर्षांचें होतें. आमच्या ट्रंकवाल्या गृहस्थास विचारलें असतें तर तो म्हणाला असता, 'गीतेवर टीका? अगोदर सर्व भाष्यें बघून व्हावींत, मग पाहूं.'

ही शंका ज्ञानेश्वरांस सुचली नव्हती असें नाहीं. टिटवीनें चोंचीनें समुद्र मोजावयास निघावें तसें आपलें हें साहस आहे, असें ते स्वतःच पहिल्या अध्यायांत म्हणतात. पण ग्रंथाच्या अखेरीकडे त्यांनींच तिचें उत्तर देऊन ठेवलें आहे. राजहंसाची चाल डौलदार असते म्हणून दुसऱ्या कोणीं चालूंच नये कीं काय, असा त्या उत्तराचा आशय आहे. विनयाचे दोन प्रकार येथें स्पष्ट दिसतात. एक विनय आपलें न्यून सांगतो, श्रोत्यांची क्षमा मागतो, आणि पुढच्या ओवीला हात घालतो. दुसरा विनय आपलें न्यून सांगतो आणि तेथेंच बसतो. दोघांची भाषा एकसारखी असते. फरक केवळ पुढची ओंवी आली कीं नाहीं एवढाच.

जुन्या ग्रंथकारांच्या हाताशीं आणखी एक साधन होतें, तें म्हणजे मंगलाचरण. आपण त्याकडे आज केवळ धार्मिक रीत म्हणून पाहतों. परंतु लिहिणाराच्या बाजूनें पाहिलें तर त्याचा उपयोग फार मोठा होता: पहिलें पान कोरें राहत नसे. गणपति, शारदा, सद्गुरु, संत, श्रोते, असें क्रमानें वंदन करतां करतां हात चालूं लागे, वृत्त कानांत बसे, आणि विषयापाशीं येईपर्यंत भीड चेपलेली असे. ज्ञानेश्वरांनीं तर गणपतीचें सबंध रूपच वाङ्मयाचें कल्पिलें आहे. वंदन करतां करतां विषय सुरूही झाला. मूल धूळपाटीवर बसे तेव्हांही हेंच होई. 'श्रीगणेशा' हीं अक्षरें त्यानें शोधून काढावयाचीं नसत; पंतोजींनीं काढून दिलेल्या अक्षरांवरून बोट फिरवावयाचें असे. एखाद्या कामाचा श्रीगणेशा करणें हा वाक्प्रचार येथूनच आला. पाडव्याच्या दिवशीं व्यापारी नव्या वहीवर 'श्री' काढतो, तोही जमाखर्च सुचेपर्यंत थांबत नाहीं. आजच्या लेखकाचें हें साधन गेलें. पहिल्याच वाक्यांत स्वतःचें कांहीं तरी अपूर्व दाखविलें पाहिजे अशी अट त्यानें आपणच आपल्यावर घालून घेतली आहे. आणि अपूर्व असें पहिल्या वाक्यांत कोणाला सुचलें आहे?

व्यासांनीं महाभारत सांगावयाचें ठरविलें आणि लेखक म्हणून गणपतीला बोलावलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. माझी लेखणी थांबतां कामा नये ही गणपतीची अट, आणि अर्थ समजल्यावांचून लिहूं नये ही व्यासांची उलट अट. लिहिण्याच्या कामावर याहून मार्मिक गोष्ट कोणीं रचली असेल असें मला वाटत नाहीं. पण गंमत अशी कीं, पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां ही कथा मूळ संहितेंत ठरली नाहीं, डॉ. सुकथनकरांनीं आदिपर्वांत तिला परिशिष्टांत जागा दिली. आरंभाची गोष्ट ही ग्रंथ होऊन गेल्यावर मागाहून आलेली निघाली! त्या आवृत्तीचा स्वतःचा इतिहासही ध्यानांत घेण्याजोगा आहे. १ एप्रिल १९१९ या दिवशीं वृद्ध रामकृष्णपंत भांडारकरांच्या हातून मंगलाचा श्लोक लिहवून पाठभेदांच्या कामास प्रारंभ झाला. सुकथनकर प्रमुख संपादक झाले १९२५ सालीं. आदिपर्वाचा पहिला भाग बाहेर पडला १९२७ सालीं. आणि संहिता पूर्ण झाली १९६६ सालीं. ज्यांनीं तो श्लोक लिहिला ते १९२५ मध्यें वारले, सुकथनकर १९४३ मध्यें. आपण शेवट पाहणार नाहीं हें ऐंशी वर्षांच्या भांडारकरांना ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल?

'सवड मिळत नाहीं' ही सबब किती खरी, याची परीक्षा आमच्याच जिल्ह्यांत एकदां झालेली आहे. ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद मुंबईस पकडून अहमदनगरच्या (आतां अहिल्यानगरच्या) किल्ल्यांत आणून ठेवले. जवाहरलाल नेहरूंसारखा सिद्धहस्त लेखक, भोंवतीं मौलाना आझाद आणि आचार्य नरेंद्र देव यांच्यासारखे विद्वान्, सभा नाहींत, दौरे नाहींत, भेटीस येणारे नाहींत. सवड या शब्दाला याहून अधिक अर्थ असूं शकत नाहीं. आणि तरी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथास हात लागला तो एप्रिल १९४४ मध्यें, वीस महिने लोटल्यावर. त्या अवधींत ते कुदळ घेऊन किल्ल्याच्या दगडगोट्यांच्या जमिनींत बाग फुलवीत होते. भूतकाळावर पंडितासारखें लिहिण्याची पात्रता नाहीं, वर्तमानांत भाग घेतां येत नाहीं, आणि भविष्य सांगण्याचा अधिकार नाहीं, अशी आपली अडचण त्यांनीं त्या ग्रंथांतच मांडली आहे. म्हणजे नड वेळेची नव्हतीच. पुढें लेखणी चालूं लागल्यावर एवढा मोठा ग्रंथ पांच महिन्यांत, सप्टेंबरपर्यंत, लिहून झाला. पांच महिन्यांच्या कामाला वीस महिन्यांचा उंबरठा!

त्याच किल्ल्यांत आझादांनीं निराळाच मार्ग काढला. त्यांनीं आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांस पत्रें लिहावयास घेतलीं. तीं टपालांत पडणार नाहींत हें त्यांस माहीत होतें. चहा, चिमण्या, तुरुंगांतली पहांट, तत्त्वज्ञान, संगीत, जें मनांत येईल तें त्या पत्रांत आलें. आणि सुटकेनंतर १९४६ मध्यें 'गुबारे खातिर' या नांवानें तो ग्रंथ झाला. उर्दू गद्यांत त्याचें स्थान मोठें आहे. मला त्यांत विशेष वाटतें तें हें कीं, समोर श्रोते नव्हते म्हणून त्यांनीं एक श्रोता मनानें समोर आणून बसविला. नेवाशाच्या सभेंत आणि नगरच्या बराकींत तेवढें साम्य खचित आहे.

मग खरी नड कोणती? माझी अशी समजूत झाली आहे कीं, मनांतला ग्रंथ हा नेहमीं पूर्ण असतो, आणि कागदावरचें पहिलें वाक्य त्याला खालीं ओढतें. जोंवर तें वाक्य लिहिलें नाहीं तोंवर आपण गिबनच्या पंक्तीला असतों. लिहितांच आपण कोण आहों हें कळतें. खुद्द गिबनलाही हें चुकलें नाहीं. रोमच्या भग्नावशेषांत बसला असतां १७६४ च्या ऑक्टोबरांत त्याला विषय सुचला, पहिला खंड निघाला १७७६ त. आणि पहिलें प्रकरण तीन वेळां, दुसरें व तिसरें दोन दोन वेळां लिहिल्यावर कोठें आपलें समाधान झालें, असें तो आत्मचरित्रांत सांगतो. पहिलें प्रकरण वाईट साधलें हें त्यालाही दिसत होतेंच, पण तें दिसण्यासाठीं तें कागदावर असावें लागलें. त्याच देशांतला लॉर्ड ॲक्टन याच्या उलट. स्वातंत्र्याचा इतिहास लिहिण्यासाठीं त्यानें जन्मभर वाचन केलें, हजारों ग्रंथ जमविले, टिपणांनीं पेट्या भरल्या. १९०२ सालीं तो वारला तेव्हां ग्रंथसंग्रह केंब्रिजला गेला, आणि तो इतिहास कधींच झाला नाहीं. ज्ञानांत तो कोणाला हार जाणारा नव्हता. विनयामुळें तो थांबला असें त्याचे चाहते म्हणतील. मी म्हणेन, स्वतःच्या हातून चूक झालेली पाहण्याची तयारी नसणें याला विनय हें नांव फार मोठें होतें.

येथें कोणी इतिहासाचार्य राजवाड्यांचें नांव काढील. मराठ्यांचा सलग इतिहास त्यांच्याही हातून झाला नाहीं. त्यांचें उत्तम लेखन प्रस्तावनांत विखुरलेलें आहे. परंतु राजवाड्यांनीं ट्रंक कधीं मिटून ठेवली नाहीं. गांवोगांव पायपीट करून मिळविलेले कागद त्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' म्हणून खंडामागून खंड छापले. लोकांची ठेव त्यांनीं लोकांच्या हवालीं केली. ज्याला ग्रंथ साधत नाहीं त्यानें साधनें तरी छापावींत, हा धडा त्यांनीं घालून दिला आहे. आणि त्यांच्या आधींचा एक दाखला याहून कडू आहे. ग्रँट डफ साताऱ्यास चार वर्षें होता. १८२६ मध्यें त्यानें तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापला. तो परका, राज्यकर्त्यांच्या दृष्टीचा, आणि चुकाही पुष्कळ केलेला. पण नीळकंठ जनार्दन कीर्तने यांच्यासारख्या तरुणानें १८६८ च्या सुमारास त्यावर टीका लिहिली, ती लिहावयास समोर कांहीं तरी होतें म्हणून. त्याच्या चुका सुधारण्यांतून आपलें निम्मेंअधिक इतिहाससंशोधन जन्मास आलें. ज्यांना त्याच्याहून शतपट माहिती होती असे शास्त्री, चिटणीस, बखरकार त्या वेळीं जिवंत होते. त्यांच्यापैकीं बहुतेकांची माहिती त्यांच्याबरोबर चितेवर गेली.

उलट बाजूची एक शंका मला टाळतां येत नाहीं. आधींच काय थोडीं पुस्तकें निघतात? रद्दीच्या दुकानांत वजनावर जाणारे ग्रंथ पाहिले म्हणजे, आणखी कांहीं लोकांनीं आरंभ केला नसता तर बरें झालें असतें, असें कोणासही वाटेल. मलाही वाटतें. दुसऱ्यांच्या तीन पुस्तकांचें चौथें करणारांनीं खुशाल आळस करावा. त्यांच्या आळसाला समाज आभारपूर्वक मान देईल. प्रश्न आहे तो, जें दुसऱ्या कोणापाशींच नाहीं असें कांहीं ज्याच्यापाशीं आहे त्याचा. आणि असें कांहीं आपल्यापाशीं आहे, हें पुष्कळ वेळां त्या मनुष्याला स्वतःला कळतही नाहीं.

लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण यासाठींच घ्यावयाचें. नगर आणि राहुरी हीं त्यांच्या संसाराचीं ठिकाणें. राहुरी म्हणजे आमचें शेजारचेंच गांव. शाळेचें तोंड न पाहिलेली ही बाई लिहिण्यावाचण्यास शिकली ती लग्नानंतर. रेव्हरंड टिळक १९१९ मध्यें वारले. पुढें चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून त्यांनीं आईला आठवणी लिहून देण्यास सांगितलें. लक्ष्मीबाई लिहावयास बसल्या त्या ग्रंथ लिहिण्यास नव्हे. मुलाला कांहीं गोष्टी सांगावयाच्या होत्या, एवढेंच. 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून ग्रंथरूपानें निघूं लागलीं, आणि मराठी गद्यांत तीं कोठें बसतात हें वाचकांस सांगावयास नको. 'आत्मचरित्र लिहा' असें कोणीं म्हटलें असतें तर त्या माउलीनें हात जोडले असते, अशी माझी खात्री आहे. आणि टिळकांचें स्वतःचें 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य त्यांच्या मृत्यूनें अपुरें राहिलें होतें. थोडेच अध्याय झाले होते. तें पुढें चालवून पुरें केलें तेंही याच बाईनें. टिळकांनीं तें काव्य मनांतच घोळवीत ठेवलें असतें, तर लक्ष्मीबाईंची पतिनिष्ठा कितीही मोठी असली तरी त्यांना हातीं घेण्यास तेथें कांहीं नव्हतें. अपुऱ्या ग्रंथाला वारस मिळूं शकतो; आरंभशूराची थट्टा करतांना हें कोणी लक्षांत घेत नाहीं.

आमच्या बेलापुराचा ग्रंथ अजून झालेला नाहीं. दौंड-मनमाड लोहमार्ग झाला, बेलापूर स्टेशन गांवापासून दूर पडलें, बाजार हळूहळू तिकडे गेला, आणि गांवाच्या नांवाच्या स्टेशनाभोंवतीं श्रीरामपूर हें शहर उभें राहिलें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें, पाटाचें पाणी आलें, बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. १९१९ सालीं निघालेल्या बेलापूर कंपनीचा हरेगांवचा कारखाना चालला आणि पुढें बंदही पडला. पाणी पहिल्यानें शेतांत आलें तो दिवस ज्यांनीं पाहिला ते सर्व गेले. ज्यांनीं तो त्यांच्या तोंडून ऐकला ते आतां ऐंशीच्या घरांत आहेत, आणि सायंकाळीं पारावर बसलेले असतात. त्यांच्यापाशीं जाऊन बसणारे आणि वहींत टिपून घेणारे दोघे-तिघे गांवांत आहेत. त्यांच्या वह्या मीं पाहिल्या आहेत. अक्षर सुवाच्य आहे, समास सोडलेला आहे, आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर 'प्रास्ताविक' एवढा एकच शब्द लिहून खालीं जागा मोकळी ठेवलेली आहे.